शेजारचा मुलगा दोन वर्षं मिशनला चाललाय, आपण पाठवलं असतं का?

वैनगंगा
नमस्कार मंडळी. आम्ही तीन वर्षांपूर्वी युटात आलो, सॉल्ट लेकच्या खाली लीहाय म्हणून गाव आहे तिथे. आजूबाजूला बहुतेक सगळे मॉर्मन, म्हणजे एका ख्रिश्चन पंथाचे लोक. माणसं अतिशय चांगली, बर्फ पडला की आपण उठायच्या आधी आपला ड्राइव्हवे साफ करून गेलेली असतात, कोणी केला ते कळतही नाही.

तर गेल्या मंगळवारी शेजारणीने बोलावलं, मुलाचा 'कॉल' उघडायचा कार्यक्रम आहे म्हणून. मला वाटलं कॉलेजची अ‍ॅडमिशन असेल. जाऊन बघते तर हॉलमध्ये पस्तीस-चाळीस माणसं, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि ज्याने त्याने आपल्या अंदाजाने नावाची चिठ्ठी एकेका देशावर चिकटवलेली. मी पण एक चिकटवली, पेरूवर. मुलगा अठरा वर्षांचा, अजून मिशी धड नाही. 'कॉल' म्हणजे चर्च धर्मप्रचाराला, म्हणजे 'मिशन'ला, कुठे पाठवतंय ते पत्र. पूर्वी त्याचं मोठं पाकीट यायचं म्हणे, २०१८ पासून ऑनलाइन येतं. त्याने लॅपटॉप उघडून उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि "जपान, फुकुओका मिशन" म्हटल्यावर घरात जो काही आरडाओरडा झाला, वर्ल्डकप जिंकल्यासारखा. आई सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. नंतर मी कागदी प्लेट्स आणायला स्वयंपाकघरात गेले तर ती सिंकपाशी उभी राहून रडत होती. मला बघून म्हणाली, आनंद झालाय गं. आणि परत रडायला लागली.

दोन वर्षं. देश आपण निवडायचा नाही, भाषा येत नसली तर शिकायची, खर्च घरचा, मधे सुट्टी नाही. माझा सोळा वर्षांचा पोरगा ओला टॉवेल पलंगावर टाकतो. मला झोप लागली नाही त्या रात्री.

प्रश्न दोन. ही मुलं तिकडे दिवसभर नेमकं करतात काय? आणि तुम्ही पाठवलं असतं का?

फणसपोळी
पहिला! वाचतोय.

सुलभाकाकू
बाई गं. अठरा म्हणजे बाळच की. फोन तरी करू देतात का?

वैनगंगा
@काकू, आता आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करता येतो, सोमवारी बहुतेक. २०१९ च्या फेब्रुवारीपासून. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी ईमेल.

सुलभाकाकू
दोनदा??? वर्षातून?? मी तर मुलगा डोंबिवलीला उतरला की फोन घेते.

अर्धवटराव
हे चार-चार बायकावालेच ना?

वैनगंगा
@अर्धवटराव, नाही हो. मूळ चर्चने १८९० मध्ये ते अधिकृतपणे सोडलं, अजून करणारे वेगळे फुटीर गट आहेत. इथे ही चौकशी केली तर लोक हसून उत्तर देतात पण दुसऱ्यांदा जेवायला बोलवत नाहीत. शिवाय 'मॉर्मन' शब्द पण आता त्यांना फारसा नको असतो, २०१८ पासून पूर्ण नाव घ्या असं चर्चचं म्हणणं आहे. पण ते नाव एवढं लांब आहे की मी धाग्यात मॉर्मनच लिहितेय.

नागोयाकर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी देऊ शकतो, कारण जपानात अकरा वर्षं काढली आणि त्यातली दोनेक वर्षं या पोरांशी चांगली ओळख होती.

आमच्या स्टेशनबाहेर दोघं उभे असायचे. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी, डोक्याला हेल्मेट, सायकली स्टँडवर. नावाआधी 'एल्डर', वय एकोणीस. मला आधी हसूच आलं होतं, एकोणीस वर्षांचा एल्डर म्हणजे आपल्याकडे शेंबड्या पोराला 'आबासाहेब' म्हणावं तसं. मुली असतील तर 'सिस्टर'.

दिवस असा: साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास, मग भाषा. दहाच्या सुमारास बाहेर. त्यानंतर रात्री नऊपर्यंत रस्त्यावर, कोणाच्या तरी दारात, कोणाच्या तरी घरी. साडेदहाला दिवे बंद. आता वेळा थोड्या पुढेमागे करता येतात पण साचा हाच. टीव्ही नाही, सिनेमा नाही, पोहणं नाही, गर्लफ्रेंडचा तर विषयच नाही.

आणि बाहेर नऊ-दहा तास काय करायचं तर मुख्यतः नकार ऐकायचे. जपानात 'नाही' असं तोंडावर कोणी म्हणत नाही, त्यामुळे हे अजून अवघड. आजीबाई दार उघडून अतिशय अदबीने दहा मिनिटं बोलतात, पावसात आलात, थंडी किती आहे, जपानी किती छान बोलता, आणि दार बंद. यांना वाटतं काम झालं. परत गेलं की आजीबाई घरात नसतात, म्हणजे असतात. त्यातल्या एकाने मला सांगितलं होतं की पहिले तीन महिने त्याला वाटत होतं आख्ख्या शहराला आपण आवडलोय.

मी त्यांना भेटलो ते इंग्लिश क्लासमुळे. आठवड्यातून एकदा चर्चमध्ये फुकट इंग्लिश संभाषण शिकवतात. मला इंग्लिश नको होतं, बायकोला तिथे जपानी मैत्रिणी मिळतील म्हणून गेलो.

अवांतर: चहाची गंमत. यांना चहा-कॉफी-दारू-तंबाखू सगळं बंद, १८३३ मधली शिकवण, पुढे तिचा नियम झाला. आता जपानात कोणाच्याही घरी गेलं की समोर हिरवा चहा. नाही म्हटलं तर यजमानाचा चेहरा पडतो. मग ही पोरं 'मुगिचा' मागायची. मुगिचा म्हणजे मुगाचा नव्हे, भाजलेल्या जवाचा काढा, तो चालतो. पहिलं जपानी वाक्य काय शिकलास असं एकाला विचारलं तर म्हणाला, "मुगिचा आहे का".

फणसपोळी
"मुगाचा नव्हे" हसून हसून पुरेवाट

तिरकस
सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा कडू लिहितो. फुकट इंग्लिश, गोरी हसरी पोरं, सायकल, आणि शेवटी हेतू काय तर धर्मांतर. हेच आपल्याकडे कोणी केलं तर याच धाग्यावर तलवारी निघाल्या असत्या. आणि ज्या चर्चमध्ये १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्य मिळत नव्हतं त्या चर्चची पोरं जगाला प्रेम शिकवायला जातात.

नागोयाकर
@तिरकस, १९७८ चा मुद्दा बरोबर आहे, त्यावर मी काही बाजू घेणार नाही. इंग्लिश क्लासबद्दल मात्र सांगतो, पाटीवर चर्चचं नाव मोठ्या अक्षरात असायचं आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं धार्मिक बोलणं, ज्याला थांबायचं तो थांबे. मी एकदा थांबलो. मला म्हणाला, प्रश्न विचारा. मी पुनर्जन्माबद्दल विचारलं. त्याने वही काढून माझंच उत्तर लिहून घेतलं.

अर्धवटराव
धाग्याचं काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वैनगंगा
कृपया नको, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. मला खरंच रोजचं आयुष्य कळून घ्यायचंय.

दिवेलागण
मी नेहमी वाचनमात्र असते पण या धाग्यावर लिहायलाच हवं. माझा नवरा अमेरिकन, मॉर्मन घरातला, २००९ ते २०११ फिलिपिन्समध्ये मिशन करून आलेला. (आता तो चर्चला जात नाही, पण त्याबद्दल नंतर कधीतरी.) त्याच्या वेळी मुलांना एकोणीस पूर्ण लागायची आणि मुलींना एकवीस. २०१२ मध्ये ते अठरा आणि एकोणीसवर आणलं, २०२५ मध्ये मुलींनाही अठरा केलं. मुलं चोवीस महिने, मुली अठरा.

आधी प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरला. तिथे पन्नासच्या वर भाषा शिकवतात. भाषा येत असेल तर तीनेक आठवडे, नाहीतर सहा ते नऊ. याला सेबुआनो होती. तो म्हणतो विमानातून उतरेपर्यंत मला वाटत होतं मला भाषा येते, मग पहिला रिक्षावाला बोलला.

सगळ्यात मोठी गोष्ट देव नाही, भाषा नाही, जेवण नाही. सगळ्यात मोठी गोष्ट कम्पॅनियन. कायम दोघं. एकटं राहायचं नाही, बाथरूम सोडून. एकाच खोलीत झोपायचं, बरोबर जेवायचं, बरोबर चालायचं, एकाला पोस्टात जायचं असेल तर दोघं पोस्टात. तो कोण असणार ते वरून ठरतं. दर सहा आठवड्यांनी 'ट्रान्सफर', म्हणजे मिशन प्रेसिडेंट पत्ते पिसतो, कोणी हलतं कोणी राहतं. याचा तिसरा कम्पॅनियन चमच्याने ताट खरवडायचा. रोज, तीन वेळा. हा अजूनही आमच्या घरात कोणी चमचा घासला की दुसऱ्या खोलीत जातो.

त्यांची स्वतःची बोली असते. नवा आला की 'ग्रीनी'. त्याला शिकवणारा पहिला कम्पॅनियन म्हणजे त्याचा 'बाबा', आणि ज्या गावात सुरुवात केली तिथे तुझा 'जन्म' झाला. घरी जायची वेळ आली की तू 'मरतोस', आणि शेवटचा कम्पॅनियन तुला 'मारतो'. शेवटच्या महिन्यात कोणाचं लक्ष लागेनासं झालं की तो 'ट्रंकी' झाला, म्हणजे ट्रंक भरून बसलाय. सहा महिने झाले की टाय जाळायचा, वर्षाला शर्ट. नियम नाही, आपली पोरांची प्रथा. याने टाय जाळला तो पॉलिएस्टरचा होता, जळायच्या ऐवजी वितळून घरमालकिणीच्या पायरीला चिकटला.

सोमवार म्हणजे 'पी-डे', तयारीचा दिवस. सुट्टी वाटते पण कपडे, बाजार, केस कापणं, घरी ईमेल यातच जातो. त्याच्याकडे मशीन नव्हतं. पांढरा शर्ट घालून जीपनीत, म्हणजे तिथल्या जीपवजा बसमध्ये, बसलं की तासाभरात कॉलर काळी. हा बादलीत साबण टाकून शर्ट नुसते ढवळायचा. घरमालकीण दोन सोमवार बघत राहिली, तिसऱ्या सोमवारी तिने याच्या हातातला शर्ट ओढून घेतला, वडी कॉलरवर घासली, मुठीत धरून मुठीवर घासून दाखवलं, चुक् चुक् आवाज यायला हवा म्हणाली. तो आवाज येईपर्यंत सोडलं नाही. लग्नानंतर सासूबाई (माझी आई) पुण्याहून आल्या तेव्हा याने मोरीत बसून कॉलर घासलेली बघून आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगा चांगला आहे.

फणसपोळी
न बघता, वरच्यांनी ठरवलेलं, कायम बरोबर राहायचं, सवयी सहन करायच्या. याला आपल्याकडे अ‍ॅरेंज्ड मॅरेज म्हणतात. फक्त सहा आठवड्यांनी ट्रान्सफर नाही.

अर्धवटराव
@फणसपोळी, वहिनींना हा आयडी माहितेय का?

रानजाई
दिवेलागण, "सासूबाई (माझी आई)" वर अडखळले, मग कळलं की त्याच्या सासूबाई :) लिहीत राहा, फार छान लिहिता.

जुनापुराणा
एक महाराष्ट्राशी संबंधित माहिती. हे लोक आपल्याकडे आत्ता आले असं कोणाला वाटत असेल तर, १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला होता आणि नंतर पुण्यातही होता. म्हणजे रेल्वेच्या आधी. त्या काळी खिशात पैसे न ठेवता निघायची पद्धत होती, लोक देतील ते खायचं. काही वर्षांतच सगळ्यांनी गाशा गुंडाळला, जे थोडे मिळाले ते बहुतेक छावणीतले युरोपियन. आता त्यांचं भारतातलं मुख्य ठाणं बंगळूर, तिथे मंदिर बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं.

बाकी नागोयाकरांचं वाचताना मला आमच्या वडिलांची आठवण झाली. वडील पुण्यात शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवार जोशांकडे, मंगळवार आपट्यांकडे, असे सात दिवस सात घरं. ज्या घरचा वार चुकला त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचं. या पोरांनाही चर्चचे सभासद आळीपाळीने जेवायला बोलावतात ना?

दिवेलागण
@जुनापुराणा, हो अगदी! यादीच असते, सभासद आपापली तारीख लिहितात. आणि वार लावणाऱ्यांचा जो प्रॉब्लेम तोच यांचा, ताटात पडेल ते संपवायचं. याला एका रात्री बालुत मिळालं, म्हणजे आत पिल्लू तयार झालेलं बदकाचं उकडलेलं अंडं. कम्पॅनियन फिलिपिनो होता, तो मजेत खात होता आणि याच्याकडे बघत होता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र दोन वेळचा उपास.

तिरकस
खर्चाचं कोणी बोललं नाही. चर्च एवढं गडगंज आणि पोरांच्या आईबापांकडून महिन्याला पैसे घेतात म्हणे?

वैनगंगा
@तिरकस, हो. इथल्यांसाठी महिन्याला ४०० डॉलर होते, २०२० च्या जुलैपासून ५०० झाले. म्हणजे मुलाचे दोन वर्षांचे १२,०००. टोकियोला जा नाहीतर मनिलाला, आकडा तोच, सगळं एकत्र करून वाटतात. शेजारणीने तो पहिलीत असताना एक बरणी केली होती, गवत कापायचे पैसे मिळाले की त्यात. बरणी दाखवली मला. त्यावर लहानपणीच्या अक्षरात 'मिशन' लिहिलंय, त्यातला एक 'एस' उलटा. शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला असतोच. मला पण पटत नाही, पण त्यांना तो खर्च वाटतच नाही, आपण मुंजीचा हिशोब मांडत नाही तसं.

तिरकस
मुंज दोन वर्षं चालत नाही ताई.

जुनापुराणा
बारा वर्षं चालायची. गुरुगृही. सोडमुंज झाली की परत.

तिरकस
:) एक शून्य.

ऊनसावली
मी अ‍ॅरिझोनात मेसाला राहते, इथेही यांची वस्ती बरीच. एक बाजू राहिली म्हणून लिहिते. माझ्या टीममधला मुलगा मिशनवरून पाच महिन्यांत परत आला. त्याला तिकडे रात्री झोप येईना, छाती धडधडायची, दारावर टकटक करायला हात उचलला की हात थरथरायचा. शेवटी घरी पाठवलं. तो म्हणतो चर्चच्या बाजूने कोणी वाईट बोललं नाही. पण परत येणाऱ्यांचं एअरपोर्टवर फुगे, बॅनर, पन्नास माणसं असं स्वागत असतं, आणि त्याला घ्यायला फक्त वडील आले, पार्किंगमध्ये गाडी लावून. वडील पण चांगले, रस्त्यात बर्गर खाऊ घातला. पण रविवारी चर्चमध्ये लोक "कसा आहेस" विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. आठ वर्षं झाली, अजून कोणी "मिशन कुठे केलंस" विचारलं (इथे ते 'कुठलं कॉलेज' सारखं विचारतात) की तो देशाचं नाव सांगतो आणि विषय बदलतो.

तो म्हणतो भाषा मात्र राहिली. पाच महिन्यांची पोर्तुगीज, प्रार्थना आणि भाजीबाजार एवढीच.

रानजाई
ऊनसावली, तो पार्किंगचा भाग वाचून कसंतरी झालं.

नागोयाकर
मिशनवरून परतणारे मला आठवतात ते कोविडचे. २०२० च्या मार्चमध्ये परदेशातल्या बहुतेकांना आपापल्या देशात परत बोलावलं. आमच्या ओळखीतला एक सोळाव्या महिन्यात होता. दोन दिवसांत सायकल विक, खोली रिकामी कर, विमान पकड. जाताना त्याने मला अर्धी पिशवी तांदूळ आणि जपानी-इंग्लिश डिक्शनरी आणून दिली. समासात त्याचे अर्थ पेन्सिलीने. 'कैफियत' असं मी एकदा सांगितलेलं मराठी पण एका पानावर लिहिलंय, का ते आठवत नाही.

भाषेवरून आठवलं, मिट रॉम्नी, जो २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध उभा होता, तो १९६६ ते ६८ फ्रान्समध्ये हेच करत होता. वाइनच्या देशात वाइन न पिता घरोघरी.

फणसपोळी
निवडणुकीची तयारी तीच की. दार वाजवा, हसा, दार बंद, पुढचं घर.

बिनधास्त_बंडू
मला एक कळत नाही, सगळे "अठराव्या वर्षी कसं पाठवतात" म्हणून हळहळताय. आपण पंधराव्या वर्षी कोटाला नाहीतर लातूरला पाठवतो तेव्हा कोणी धागा काढत नाही. तिथेही सहाला उठायचं, सिनेमा नाही, मोबाइल नाही, डबा मिळेल तो खायचा, खोलीतला पार्टनर दुसऱ्याने ठरवलेला, खर्च घरचा, आणि 'सिलेक्शन' नाही झालं तर परत आल्यावर लोक "कसा आहेस" विचारून पुढे जातात.

तिरकस
+१. आणि तिथे देव भेटायची शक्यताही नसते.

सुलभाकाकू
बंडू, तुझं वाचून दोन दिवस लिहिलं नाही. माझा धाकटा लातूरला होता. अकरावी-बारावी. मी वर डोंबिवलीचं लिहिलं ना, तो फोन तेव्हापासूनचा. तिथे रविवारी एक तास मोबाइल मिळायचा, मी साडेनऊपासून फोन हातात घेऊन बसायचे. तो "बरं आहे" एवढंच सांगायचा, जेवलास का, हो, झोपतोस का, हो, आणि मग नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा मी न सांगता गेले. खोलीत तीन कॉट, तिघांचे टॉवेल एकाच दोरीवर, आणि माझा मुलगा दुसऱ्याच्या शर्टाला बटण लावत बसला होता. घरी सुईत दोरा ओवता येत नव्हता त्याला. मी विचारलं कोणी शिकवलं, तर म्हणाला कोणी नाही, बटण तुटलं.

मेडिकल नाही मिळालं. आता बँकेत आहे, छान आहे. पाठवलं ते बरोबर की चूक मला आजही सांगता येत नाही. वैनगंगा, तू त्या शेजारणीला माझा नमस्कार सांग. आणि सोमवारी तिच्याकडे जाऊ नकोस, फोनचा दिवस असतो तिचा.

बिनधास्त_बंडू
काकू, तुम्हाला दुखवायचं नव्हतं हो.

सुलभाकाकू
नाही रे. खरंच लिहिलंस.

वैनगंगा
काकू, नमस्कार पोचवला. काय भाषांतर करायचं ते कळेना, मग सगळीच गोष्ट सांगितली, बटणासकट. तिने ऐकून घेतलं आणि आतून शिवणाचा डबा घेऊन आली. मुलाला बोलावून बटण लावायला बसवलं. तो म्हणाला ट्रेनिंग सेंटरला शिकवतील. ती म्हणाली बस.

अपडेट असं की तो अजून इथेच आहे. ट्रेनिंगचा पहिला भाग हल्ली घरूनच ऑनलाइन असतो. पण परवा संध्याकाळी इथल्या चर्चच्या प्रमुखांनी डोक्यावर हात ठेवून त्याला अधिकृतपणे मिशनरी केलं आणि तेव्हापासून नियम लागू. म्हणजे स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खोलीत, टाय लावून लॅपटॉपसमोर जपानी शिकतोय आणि खाली बेसमेंटमध्ये धाकटा भाऊ व्हिडिओ गेम खेळतोय, ज्याला त्याने आता हात लावायचा नाही. आई म्हणाली, जेवायला हाक मारताना नाव घ्यायचं की एल्डर म्हणायचं तेच कळत नाहीये.

मुगिचाचं मी तिला सांगितलं. फ्रिजवर लिहून लावलंय.

माझ्या पोराला टॉवेल वाळत घालायला सांगितला. घातला. खुर्चीवर.

फणसपोळी
तुमच्याकडून निरोपाची भेट म्हणून टाय द्या त्याला. सुती द्या. जाळायला बरा.

दिवेलागण
पॉलिएस्टर अजिबात नको!!